नाळ कुठं पुरली?

उंबरगडच्या रायाजीराजांनी भर दरबारात प्रश्न टाकला. नदीपल्याड पूर आला, घरंदारं वाहून गेली, आणि तिकडची माणसं आपल्या काठावर येऊन बसली आहेत. त्यांचं करायचं काय?

झालं! दरबाराला बोलायला निमित्तच हवं होतं. एक म्हणाला, माणुसकी म्हणून राहू द्यावं. दुसरा म्हणाला, माणुसकी ठीक, पण आपल्याला पाणी पुरेल का? नदी दुथडी भरून वाहत असताना त्याला ही काळजी पडली होती. तिसऱ्याने सुचवलं की पल्याडच्या राजाशी मिळून दोन्ही काठांना बांध घालावा. सगळ्यांनी "वा, उत्तम" म्हटलं आणि लगेच विसरूनही गेले.

राणीसाहेब माहेरी गेल्यापासून राजे आधीच चिडचिडे झाले होते. त्यांनी हात वर केला.

"पुरे! ज्याची नाळ या मातीत पुरली, तो इथला. बाकीच्यांनी येत्या बाजाराच्या दिवसाआधी चालतं व्हावं. लग्न होऊन आलेल्या सुना तेवढ्या वगळून."

सुना वगळल्या नसत्या तर राज्यात चूल पेटली नसती, एवढं राजांनाही कळत होतं.

दरबाराच्या टोकाला भिवरा उभी होती. बापामागे नदीवरची नाव तीच चालवायची. पुरातून तिने ज्यांना ओढून काढलं, ती सगुणामावशी आणि तिचं विणकरांचं कुटुंब भिवराच्याच पडवीत राहत होतं. मावशीची सून पोटुशी होती. पल्याड ना छप्पर होतं, ना माग. यांना परत नेऊन चिखलात सोडायचं, हे भिवराला पटेना. आणि पटलं नाही की तिची जीभ सुटायची, ही तिची जुनी खोड.

"महाराज, अशी नाळ बघून माणसं काढता येत न्हाईत," ती म्हणाली. "नाळ पल्याड असलेला एखादा असा निघंल, की त्याला तुमच्या तोंडून 'जा' म्हणवणार न्हाई."

"मला म्हणवणार नाही?" राजे ताठ बसले. त्यांना 'तुम्हाला जमणार नाही' एवढं म्हटलं की बास. "मग उद्या असा एक माणूस इथं दाखव. पण सून चालायची नाही, आधीच सांगतो! दाखवलास तर तुझे पाहुणे राहतील. नाही दाखवलास, तर त्यांना घेऊन तूही नदीपार जा, आणि परत येऊ नकोस."

प्रधान त्रिंबकपंत मिशीत हसले. राजांना न घालवता येणारा माणूस अजून जन्माला आला नव्हता; सख्ख्या मामाला त्यांनी जेवणाच्या पाटावरून उठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. भिवरा आली ती एकटीच.

"काय गं पोरी? माणूस कुठाय?"

"माणूस आलाय, महाराज. आधी साक्ष घेऊ द्या. आईसाहेबांना एक विचारायचंय."

आईसाहेब पडद्याआड जपमाळ घेऊन बसल्या होत्या. दरबारातलं त्यांना सगळं ऐकू यायचं, विचारत मात्र कुणी नव्हतं. त्यांनी खुशीने माळ बाजूला ठेवली. "विचार की गं."

"पहिल्या बाळंतपणाला तुम्ही हितंच व्हता का?"

"इश्श! पहिलं बाळंतपण सासरी करतात का कुठं? माहेरी गेले होते, पल्याड. आमच्या परसातल्या लिंबाखाली पुरलीय याची नाळ. तुझ्या बापाच्याच नावेतून याला घेऊन आले. अख्खी नदी ओलांडेपर्यंत भोकाड पसरलं होतं याने!"

त्रिंबकपंत हसायचे थांबले. तेही घरात थोरले होते, आणि त्यांचंही आजोळ पल्याडचंच होतं. भोवतालचे चारदोन थोरले चिरंजीव उगाच पागोटी सारखी करू लागले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही घरोघरची रीत. इतकी घरोघरची, की नाळेचा हुकूम काढताना ती कुणाला आठवलीच नव्हती.

"माणूस समोर गादीवर बसलाय, महाराज," भिवरा म्हणाली. "त्याला 'जा' म्हणा."

राजे लालेलाल झाले. पण हार मानतील तर ते रायाजीराजे कसले?

"मी राजा आहे. हुकूम मी काढतो, तो मला लागत नाही."

"बरं तर." भिवराने मान डोलावली. "मग दुसरं इचारते. राणीसाहेबांना माहेरी मीच सोडलंय, पल्याडच्या राजवाड्यात. पहिलंच बाळंतपण. पुढल्या महिन्यात मायलेकरांना आणायला जाईन. राणीसाहेब सून म्हणून उतरतील. पण त्यांच्या मांडीवरच्या लेकराचं काय करू? त्याची नाळ तर तिकडंच पुरणार. हुकमापरमाणं त्याला आजोळीच ठेवून येऊ?"

पडद्याआडून आईसाहेबांचं हसू फुटलं. ते ऐकून राजांच्या ओठाचा कोपरा हलला, आणि मग ते असे हसले की गादीवरचा लोड गडगडत खाली गेला.

"हुकूम मागे!" डोळे पुसत ते म्हणाले. "राहू देत सगळे. पंत, सासरेबुवांकडे माणूस धाडा, तो बांधाचा विचार काढा पुन्हा. आणि तुला काय हवं गं?"

"नाव गळतीय, महाराज."

नवी कोरी नाव मिळाली. महिन्याभराने तिच्यातून राणीसाहेब निघाल्या. मांडीवरच्या बाळाच्या डोक्याला सगुणामावशीने विणलेल्या कापडाची कुंची होती, आणि बाळाने बापासारखंच भोकाड पसरलं होतं. राजे सकाळपासून काठावर येरझारा घालत होते.

भिवराने हातभर अंतरावर नाव थांबवली.

"महाराज, पल्याडचं एक माणूस आणलंय. उतरवू, का माघारी न्हेऊ?"

राजे खो खो हसत, जोड्यांसकट पाण्यात शिरले.