दुर्गप्पाचा पाठमोरा दगड

ही समोरची काळ्या दगडांची भिंत बघा. सभागृहाची ही बाहेरची बाजू. प्रत्येक दगडावर काहीतरी कोरलेलं आहे, कुठं मासा, कुठं तीन रेघा, कुठं विंचू. लोक लांबलांबून हिचे फोटो काढायला येतात. दाराच्या उजव्या हाताला, खालून चौथ्या थरात मात्र एक दगड कोरा आहे. त्याची गोष्ट विद्यापीठाच्या पत्रकात नाही. मी इथं एकतीस वर्षं माळी होतो, माझ्याआधी माझे वडील होते, म्हणून मला ठाऊक.

विद्यापीठ बांधायला घेतलं तेव्हा या माळावर कुसळांशिवाय काही नव्हतं म्हणे. नकाशे करणारे साहेब परदेशात शिकून आलेले. चित्र भिंतीवर टांगायचं नाही, भिंतच चित्र झाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी हर्डीकर नावाचे चित्रकार आणले. दगड घडवायला वडार मंडळी आली. त्यांच्यात दुर्गप्पा होता आणि त्याची बायको नागव्वा.

त्या मंडळींची एक रीत होती, असं सांगतात. घडवलेल्या दगडावर जो तो आपली खूण करी, पण ती भिंतीच्या आत जाईल अशा बेतानं. खूण उघड्यावर राहिली तर माणसाला दृष्ट लागते, ही त्यांची समजूत. बसवण्याआधी रचून ठेवलेल्या दगडांवरच्या त्या खुणा हर्डीकरांनी पाहिल्या आणि त्यांना त्यांचं वेडच लागलं. खुणा बाहेर ठेवून दगड बसवा, म्हणाले. कोणी तयार होईना.

त्याच आठवड्यात खाणीत दरड कोसळली आणि दुर्गप्पा तिच्याखाली गेला. चंद्रकोर कोरलेला त्याचा शेवटचा दगड बाहेर पडून होता. हर्डीकर नागव्वाकडे गेले. भिंतीच्या पायाशी एक शिळा बसवू, तिच्यावर खूण करणाऱ्या प्रत्येकाचं नाव असेल आणि पहिलं दुर्गप्पाचं, असा त्यांनी शब्द दिला. मग नागव्वानंच रीत मोडली. नवऱ्याचा दगड तिनं चंद्रकोर बाहेर ठेवून बसवला, आणि तिच्याकडे बघून बाकीचेही कबूल झाले.

उद्घाटनाच्या दिवशी शिळेवरचा पडदा सरला. नागव्वाला वाचता येत नव्हतं. तिनं माझ्या वडिलांना विचारलं, "माळीदादा, आमच्या मानसाचं नाव कुठं हाय?"

वडिलांनी शिळा दोनदा वाचली. कुलगुरू होते, पाहुणे होते, साहेब होते, हर्डीकर होते. "नाही ताई," ते म्हणाले. हे सांगताना पुढं आयुष्यभर त्यांची मान खाली जायची.

ती तशीच हर्डीकरांकडे गेली. ते शांतपणे म्हणाले म्हणे, "बाई, या आकृतींना अर्थ नाही, म्हणून तर त्या सुंदर आहेत. नावं दिली की सगळं बिघडतं."

"अर्थ तुमाला नसंल," नागव्वा म्हणाली. "माजा मानूस हाय तो."

भर दुपारी सगळे मांडवात जेवायला बसले असताना तिनं पहार घेतली. चार गड्यांना न हलणारा दगड एकटीनं काढला, चंद्रकोर आत फिरवली आणि पुन्हा बसवला, असं सांगतात. एकट्या बाईला ते जमत नाही, हे मलाही कळतं. बाकीच्यांनी हात लावला असणार आणि नंतर तोंडं मिटून घेतली असणार. संध्याकाळपर्यंत सगळी मंडळी माळ सोडून गेली.

दगड पुन्हा फिरवायला माणसं लावली, तर हर्डीकरांनीच त्यांना थांबवलं. बराच वेळ बघून म्हणाले, राहू द्या, आता चित्राला खरी उसंत मिळाली. त्या कोऱ्या दगडानंच त्यांचं नाव झालं, पुरस्कार मिळाला. मला अजून त्याचा संताप येतो. बाईनं आपला नवरा परत घेतला, तर त्याची रिकामी जागाही यांनी आपल्या नावावर करून घेतली.

आजही इथल्या पोरांना परीक्षेत प्रश्न येतो, कोऱ्या दगडाचं सौंदर्य स्पष्ट करा. पोरं पानंच्या पानं लिहितात आणि मार्कही बरे पडतात. आणि आजही इथं डागडुजीला येणारा पाथरवट दगडावर आपली खूण करतो, ती आत घालतो आणि वर चुना भरतो. कोणी विचारलंच तर म्हणतो, आम्ही कसली खूण करतोय साहेब. बसवताना मी कितीतरी पाहिल्यात. कुठल्या दगडामागं कोण आहे, ते तुम्हाला सांगणार नाही.