दोन हजार पाचशे एकवीस आणि उरलेला एक

एका गावात एक भोळा गणोजी होता. वय तीस, डोकं कोरं आणि लग्न ठरलेलं. चंपावर त्याचा एवढा जीव, की तिचं नुसतं नाव निघालं तरी हा उठून उभा राहायचा.

चंपाचे वडील येसाजीमामा मात्र कडक. त्यांनी जावयाला चार दिवस आधीच बोलावून घेतलं. कामं नीट केलीत तरच अक्षता पडतील, असं बजावलं.

पाहुणे, यजमान, नवरा-नवरी मिळून माणसं दोन हजार पाचशे एकवीस. माणशी एक नारळ. मामा म्हणाले, सारखे ढीग लावा, एकही उरता कामा नये.

गणोजीनं दोन-दोनचे ढीग लावले. एक उरला. तीन-तीनचे लावले. एक उरला. मग चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा. दर वेळी एक नारळ बाजूला बसून त्याच्याकडे बघतोय. यात दीड दिवस गेला.

"उरला तर फोडून टाकायचा," मामा म्हणाले. "एवढं तरी डोकं चालवावं माणसानं."

गणोजीनं हे मनाशी पक्कं केलं.

मग तुपाची मडकी आली, अकरा. गणोजीनं जोड्या लावल्या. एक उरलं. ते त्यानं फोडलं. अंगणभर तूप. मामांनी कपाळाला हात लावला आणि समजावलं, की उरलेलं फोडायचं नसतं, शेजारी देऊन यायचं असतं.

मग वाजंत्री आले, सात जण. जोड्या लावल्या, सनईवाला उरला. गणोजी त्याला सनईसकट शेजारच्या म्हातारीला देऊन आला. म्हातारीनं विचारलं, याला खायला काय घालू? गणोजी म्हणाला, ते काही सांगितलेलं नाही.

मामा हळू आवाजात बोलले. "जावईबापू, माणूस उरला तर त्याला विडा द्यावा, गाडीत बसवावं आणि मानानं घरी पोचवून यावं. आता आणखी एक घोळ केलात, तर चंपा तुमची नाही."

लग्नाच्या दिवशी त्यांनी सांगितलं, सगळ्यांना मांडवात सारख्या ओळींत बसवा.

गणोजीनं दोघा-दोघांना बसवलं. एक उरला. सगळ्यांना उठवलं, तिघा-तिघांना बसवलं. एक उरला. नऊ वेळा आख्खं लग्न उठलं आणि बसलं. भटजी उठले, नवरी उठली, गुडघे धरून मामा उठले. शेवटी दहा-दहाच्या ओळी चोख भरल्या, तरी एक जण उभाच.

गणोजीनं निरखून पाहिलं. तो स्वतःच होता.

डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. पण चंपा गमवायची नव्हती, घोळ करून चालणार नव्हतं. त्यानं स्वतःला विडा दिला, गाडीत बसवलं आणि बैल हाकले.

त्याची आत्या तेवढी घर राखायला मागे राहिली होती. मुंडावळ्या बांधलेला भाचा एकटाच उतरताना बघून ती चरकली.

"मेल्या, मुहूर्त टळतोय, आणि तू इथं?"

"मला पोचवायला आलो, आत्या." गणोजीनं ओट्यावर मांडी घातली. "आता तिकडं एकसुद्धा उरलेला नाही. चंपाचं लग्न कसं बिनघोर लागतंय बघ."