तुळोजीचा कडेलोट

ढेकळगडाच्या रणदुल्लेराव महाराजांना दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक आपल्या मिशांचा आणि दुसरा गडाच्या कड्याचा. हुकूम मोडला की कडेलोट, ही एकच शिक्षा त्यांना ठाऊक होती.

"महाराज, जीव घेऊन माणूस सुधारतो का?" दिवाणजींनी एकदा भीतभीत विचारलं.

"न सुधारायला काय झालं? आजवर ढकललेल्यांपैकी एकानं तरी पुन्हा गुन्हा केलाय?"

एके दिवशी भालदार तुळोजी दरबारात महाराजांच्या बिरुदांचा पुकारा करत होता. "शत्रूंचा कर्दनकाळ, रणांगणाचा..." आणि नेमकी त्याला शिंक आली. दरबार खो खो हसला.

"याचा कडेलोट करा!" महाराज कडाडले.

शिपायांनी त्याचे दंड धरले. तुळोजीनं वाकून मुजरा केला आणि म्हणाला, "बरंय महाराज, येतो."

"हं, ये," महाराज सवयीनं बोलून गेले.

तुळोजी शिपायांकडे वळला. "ऐकलंत? महाराजांनी मला परत यायचा हुकूम दिलाय. तुम्ही ढकललंत तर मी काही येऊ शकणार नाही. मग हुकूम मोडला म्हणून तुमचं काय होईल, ते तुम्हीच बघा."

शिपायांनी तापलेल्या तव्यासारखे त्याचे दंड सोडले. दिलेला शब्द फिरवायचा कसा? महाराज नुसत्याच मिशा चावत राहिले. शेवटी ओरडले, "चालता हो! पुन्हा तोंड दाखवू नकोस!"

तुळोजी दारापर्यंत गेला, वळला आणि जन्मात पहिल्यांदाच म्हणाला, "जातो, महाराज!"