बिबट्याचे मऊ पंजे

माणसाची वाट रानापर्यंत पोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका सशाला कोणीतरी फाडून खाल्लं. सगळे घाबरले, म्हणून वानरप्रमुखाने कायदा केला: अंगावर धारदार, टोकदार काही बाळगायचं नाही.

तपासणीला बिबट्या आला. नखं आत ओढून त्याने पंजा पुढे केला.

"वा, काय मऊ हात!" वानर म्हणाला. "या तुम्ही."

मागे म्हातारा साळिंदर उभा होता. "साहेब, मी कंदमुळं खाणारा. हे काटे गेले तर मला वाचवणार कोण?"

"कायदा!" वानर म्हणाला आणि त्याने सगळे काटे उपटून घेतले.

दुसऱ्या दिवशी साळिंदराच्या बिळापाशी नुसतं रक्त सांडलेलं दिसलं. वानराने तातडीने सभा बोलावली आणि हरणांच्या शिंगांवर बंदी घातली.