मूठभर माती

हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, असं मगदूमकाकांनी आमच्याकडे चहा पिताना बजावलं होतं. तरी लिहिते.

"नुसती दुवा द्यायला एवढा विचार कशाला करताय, बाबा?" मगदूमांनी विचारलं.

दस्तगीरबाबा दर्ग्याच्या पायरीवर बसून सब्जाच्या कुंडीतली वाळकी पानं काढत होते.

दर्ग्याच्या भिंतीला लागूनच एक बंद पडलेला रंगाचा कारखाना होता. वीस वर्षं त्या जमिनीत गवतही धड उगवलं नव्हतं. मगदूमांच्या कंपनीनं ती विकत घेतली आणि विषारी माती उपसून नेली. अशी जमीन पूर्ण साफ करणाऱ्या कंपनीला सरकार करात सवलत देणार होतं. मातीचे नमुने पास झाले होते. 'सगळी जमीन साफ आहे' या कागदावर मालकाची सही तेवढी राहिली होती.

"मग कर की सही," बाबा म्हणाले.

"करणारच आहे. संध्याकाळपर्यंत द्यायचाय. म्हटलं, आधी तुमच्या पायाशी ठेवावा."

"मला वाचता कुठं येतं?"

मगदूम हसले. बाबा हसले नाहीत.

"जमीन साफ झाली म्हणतोस?"

"लोण्यासारखी माती झालीय, बाबा."

"मग मूठभर घेऊन ये. या सब्जाची माती बदलायचीय."

मगदूम उठले. कारखान्याचं फाटक उघडून आत गेले. आत पाऊल टाकल्या टाकल्या ताजा लाल मुरूम पसरलेला होता. तो ओलांडून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, ते पार पलीकडच्या कुंपणापर्यंत चालत गेले. तिथं वाकले. परत आले तेव्हा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"घ्या."

बाबांनी हात पुढे केला नाही.

"फाटकाजवळ माती नव्हती?"

मगदूमांची मूठ तशीच राहिली...

मुरमाखाली रंगाचा जुना हौद होता. तो उपसायला आणखी दोन महिने लागले असते, म्हणून वरून बुजवला होता. नमुने घेणाऱ्यांना तिकडे नेलंच नव्हतं. हे त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं.

"तिथं... पाळणाघर बांधायचंय," ते कसेबसे म्हणाले.

"कुणाचं?"

"आमच्याच कामगारांच्या पोरांचं."

बाबांनी कुंडीतलं आणखी एक वाळकं पान खुडलं.

मगदूमांनी दुसऱ्या हातानं फोन काढून मुकादमाला लावला.

"शिवगोंडा, पोकलेन परत बोलाव... फाटकाजवळचा हौद. हो, तोच. पूर्ण उपसायचा... अरे, यंदा नाही मिळाली सवलत तर नाही मिळाली!"

फोन ठेवून ते पायरीवर मटकन बसले. कितीतरी आठवड्यांनी त्यांना पोटभर श्वास घेता आला. उगाचच हसूही आलं.

"हुश्श... सुटलो, बाबा. आता तरी ही माती घ्या. ही खरंच साफ आहे."

"माहीत आहे. जिथून आणलीस तिथं टाकून ये." बाबांनी कुंडी जवळ ओढली. "सब्जा फाटकाजवळच्या मातीत लावू."

"त्याला दोन महिने लागतील!"

"रोप थांबेल. घाई त्याला नव्हती."

याचा अर्थ मी मगदूमकाकांना विचारला, तेव्हा कप खाली ठेवून ते म्हणाले, की... आई हाक मारतेय. आले, आई! आले...