सांजोळीच्या वाघखान्यातला आडोसा

कडेला शेवाळ आहे, जपून या. खाली दिसतो तो आमचा सांजोळीचा वाघखाना. विहिरीसारखा गोल, पण कितीतरी रुंद. आणि आत कोपरासारखी वाकलेली ती दगडी भिंत पाहिलीत? ती छप्पर तोलत नाही की दार अडवत नाही, आणि तिला चुन्याचा ठिपकासुद्धा नाही. येईल तो विचारतो, ही मध्येच कशाला? सांगतो. पण ऐकायचं असेल तर मोबाईल आधी खिशात घाला. का, ते शेवटी कळेल.

गोष्ट संस्थानाच्या काळातली. राजेसाहेबांना वाघ पाळायची हौस होती, आणि पाहुण्यांना ते दाखवायची त्याहून जास्त. हा खड्डा त्यांनी सटवा गवंड्याकडून बांधून घेतला. हुकूम एवढाच की कडेला कुठंही उभं राहिलं तरी वाघ दिसला पाहिजे. सटवानं तसाच बांधला. आत कोपरा नाही, कोनाडा नाही, जनावराला घटकाभर कोंडून ठेवायला दुसरी खोली नाही. दरबारात सटवाला शेला मिळाला म्हणे.

वाघाची जोडी आत सोडली. वाघीण दिवसभर भिंतीच्या कडेकडेनं फिरायची. ती व्याली तेव्हा कडेवर जत्रा लोटली होती. तिनं आपली पिल्लं खाऊन टाकली. पुढच्या खेपेलाही तेच झालं. लोक तिला अवदसा म्हणू लागले. लोकांचं काय जातं म्हणायला? तिसऱ्यांदा ती गाभण राहिली आणि वाघ मेला. राजेसाहेबांनी सांगून टाकलं, या वेळी पिल्लं खाल्ली तर तिला गोळी घालायची.

त्याच दिवसांत सटवाची बायको हौसा पोटुशी होती. पहिलटकरीण. एकदा ती या कडेशी आली आणि वाघिणीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. हौसा घरी गेली ती जेवेना. सासूनं चिंचा आणल्या, बोरं आणली, कशाला हात लावीना. सटवानं हात जोडून विचारलं, तुला हवंय तरी काय?

"मला काय बी नको," ती म्हणाली. "तिला आडोसा करून द्या."

डोहाळा तो, मोडायचा कसा? सटवा मात्र मनातून हादरला. भिंत रचायची तर वाघीण आत असतानाच, कारण तिला बाजूला काढायला दुसरी जागा त्यानंच ठेवली नव्हती. राजेसाहेबांनी परवानगी दिली. मला विचाराल तर तमाशा बघायला मिळेल म्हणून दिली.

दगड वरच घडवून घेतले, कारण खाली हातोड्याचा आवाज चालणार नव्हता. भर दुपारी वाघीण खाऊन पलीकडच्या सावलीत पडली, तेव्हा सटवा कमरेला दोर बांधून उतरला. दोर हौसाच्या भावांच्या हातात होता. हौसा कडेवर बसली. ठरलं होतं असं, की वाघीण बसलेली आहे तोवर हौसानं "बसलीय" म्हणत राहायचं. तिचा आवाज थांबला की दोर ओढायचा.

भिंत गुडघ्याएवढी झाली, कमरेएवढी झाली, तोवर सटवाला वाघीण दिसत होती. मग भिंत छातीला लागली आणि पुढं डोक्यावर गेली. जो आडोसा तो तिला करत होता, तोच आता त्याच्या डोळ्यांपुढं आला. ती भिंतीला वळसा घालून येईल की नाही, हे त्याला फक्त बायकोच्या आवाजावरून कळणार होतं.

वर गर्दी वाढली. कुजबुज वाढली. वाघिणीनं डोकं उचललं आणि कडेवरचे चेहरे एकेक करून बघायला लागली. शेपूट आपटू लागली. हौसानं हात जोडून लोकांना पाठ फिरवायला सांगितलं. लोक फिरले. राजेसाहेब बंदूक घेऊन उभेच राहिले. ते म्हणाले, "तुझ्या नवऱ्यासाठीच बघतोय मी."

"सरकार, तिला बंदूक कळत न्हाई. डोळं कळत्यात."

राजेसाहेब फिरले, असं सांगतात. राजा पाठ फिरवतो ही काही साधी गोष्ट नव्हे.

आता कडेवर हौसा एकटीच तिच्याकडे बघत होती. आणि वाघीण हौसाकडे. तिचे पुढचे पाय ताठ झाले.



खाली सटवा अजून दगड लावतच होता. त्याला एकसारखं ऐकू येत होतं, "बसलीय, बसलीय." शेवटचा दगड बसला, त्यानं दोराला हिसका दिला, भावांनी पाठमोरंच ओढलं. पाय जमिनीवरून सुटले आणि वाघीण भिंतीला वळसा घालून आत आली. त्याच्याकडे तिनं पाहिलंही नाही. तो उभा होता त्याच जागेवर तिनं अंग टाकलं.

तो कडेवर आला तर हौसा खड्ड्याकडे पाठ करून बसलेली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि न बघताच तोंडानं चाललंय, "बसलीय, बसलीय." नवऱ्याची चाहूल लागली तेव्हा ती थांबली. न वळता तिनं विचारलं, "बसली?"

सटवानं खाली पाहिलं. "बसली," तो म्हणाला. मग तोही तिथंच बायकोजवळ बसला.

वाघीण कधी व्याली ते कुणी पाहिलं नाही. भिंतीआडून बारीक आवाज आले, तेवढंच. त्या पिल्लांना तिनं चाटून मोठं केलं, आणि बंदूक उडाली नाही.

वाघ गेले, संस्थान गेलं. पण आजही आमच्याकडं डोहाळजेवण असलं की पोटुशीला पलीकडच्या, वाघ गेल्यावर खोदलेल्या पायऱ्यांनी खाली नेतात आणि त्या भिंतीआड बसवतात. पहिला घास ती एकटी खाते. तिच्याकडं कुणी बघायचं नाही. सासूनं नाही, नवऱ्यानं नाही, जिल्ह्याचे साहेब आले तरी त्यांनी नाही.

त्या बघा, ताट घेऊन बायका आल्याच. आता फिरा सगळे. हो, तुम्हीसुद्धा. मी विचारेन, "बसलीस का गं?" आणि तिचं उत्तर येईस्तोवर कुणी मान वळवायची नाही.