डाव्या खांद्यातला कापूस

"मग शेवटचा बंद का लावत नाही, अप्पा? उद्या सकाळी संग्रहालयाची गाडी येतेय." श्रीनिवासनं विचारलं.

रेवणअप्पा बगाडे सुईत दोरा ओवून बसले होते, तसेच बसून राहिले.

जुन्नरच्या त्यांच्या शिवणाच्या दुकानाची एक रीत होती. अख्खा कपडा शिष्यानं शिवायचा, छातीवरचा शेवटचा बंद तेवढा अप्पांनी लावायचा. तो लागला की काम पसंत. नाही लागला तर कपडा उंबरा ओलांडत नसे, मागणारा कुणी का असेना.

आणि या डगल्यात त्यांच्या शिष्याचे, श्रीनिवास पोरेचे, आठ महिने गेले होते. चारशे वर्षांपूर्वीच्या कुणा घोडेस्वाराचा डगला, कापूस भरलेला, चिलखताखाली घालायचा. संग्रहालयातला मूळ डगला विरत चालला होता. त्याच्या जागी ठेवायला हुबेहूब दुसरा हवा होता.

खोटं कशाला बोला, काम बघत राहावं असं होतं. सूत हातानं कातलेलं, रंग मंजिष्ठेचा, मशीनचा टाका औषधालासुद्धा नाही. बोटभर रुंदीत अकरा टाके, मूळ डगल्यात होते तेवढेच.

"हात चांगला आहे तुझा," अप्पा म्हणाले. "तुझ्या वयात माझा एवढा नव्हता."

अप्पा असं कुणाला म्हणत नसत. श्रीनिवासची मान ताठ झाली.

"मग लावा की बंद."

अप्पांनी डगला मांडीवर घेतला. डोळे मिटून उजवा खांदा चाचपला. मग डावा. पुन्हा डावा...

"इथला कापूस कुठं गेला?"

"ते होय," श्रीनिवास हसला. "मूळ डगल्यात डाव्या खांद्यात दुप्पट कापूस होता. चुकला बिचारा शिंपी. मी दोन्ही खांदे सारखे केले. माहितीच्या पाटीवर तसं लिहूनही दिलंय, जुनी चूक दुरुस्त केली म्हणून."

"चूक..."

"दोन बोटं जाड होता, अप्पा. बाकी एवढं नेटकं शिवणाऱ्याला ते दिसू नये?"

अप्पांनी सुई गादीत टोचून ठेवली.

"अंगातली बंडी काढ," अप्पा म्हणाले.

"माझी?"

"काढ."

ती बंडी अप्पांच्याच हातची. पहिल्या वर्षापासून दर दिवाळीला ते त्याला एक शिवून देत. ही सातवी. श्रीनिवासनं ती काढली आणि नुसत्या सदऱ्यावर उभा राहिला.

सदऱ्यात त्याचा डावा खांदा उतरलेला दिसत होता. लहानपणी तो चिंचेवरून पडला होता आणि गावातल्या माणसानं हाड वेडंवाकडं बसवलं होतं. शाळेत पोरं त्याला तराजू म्हणायची. गेली काही वर्षं मात्र कुणी चिडवलं नव्हतं. वयानं खांदा आपोआप सरळ झाला, अशी त्याची समजूत होती.

"चाचप आता. डावीकडे."

त्यानं बंडीचा उजवा खांदा दाबला. मग डावा. आत काहीतरी मऊ होतं, दोन बोटं जाड. अस्तराखाली टाके इतके बारीक की नखालाही लागत नव्हते.

त्यानं बंडी पुन्हा अंगात घातली. डोळे भरून आले होते, ते त्यानं लपवले नाहीत.

मग खाली बसला, डगला ओढून घेतला आणि डाव्या खांद्याची शिवण उसवू लागला. आठ महिन्यांचे टाके एकेक करून निघत होते. अप्पांनी कापसाचं बोचकं त्याच्याकडे सरकवलं.

"अप्पा," मान वर न करता तो म्हणाला, "सात वर्षं... एका शब्दानं बोलला नाहीत."

अप्पा चष्मा पुसत होते.

"डगल्याचा शिंपी चारशे वर्षं गप्प आहे, श्रीनिवासा. माझी तर सातच झाली."